उणे गुणिले उणे: पूर्णांकांचा गुणाकार-भागाकार शिकवताना आधी काय, नंतर काय

-३ - ५ = ८. सातवीच्या वह्या तपासताना हे उत्तर हमखास भेटते. विचारले तर मूल ठामपणे सांगते, "वजा वजा अधिक." ते निष्काळजी नसते. त्याला शिकवलेले वाक्य ते इमानाने वापरत असते, फक्त जिथे गुणाकार नाही तिथे. या घटकातल्या बहुतेक चुकांची मुळे त्या तीन शब्दांच्या घोषवाक्यात आहेत. नियम चुकीचा नाही, तो फार लवकर आणि फार तोकडा सांगितला जातो.

म्हणून इथे नियम शेवटी येतो. आधी अर्थ, मग पाढा, मग कारण आणि त्यानंतर नियम, असा क्रम धरला आहे. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या साधारण सहा तासिका लागतात. त्यातल्या निम्म्या ऋण गुणिले ऋणच्या आधीच खर्ची पडल्या तरी घाबरू नये.

पहिली दहा मिनिटे: पाया तपासा

फळ्यावर पाच उदाहरणे द्या: ४ - ९, -३ + ५, -३ - ५, -२ - (-६) आणि "७ ची विरुद्ध संख्या कोणती?" उत्तरे अनुक्रमे -५, २, -८, ४ आणि -७. वर्गातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त मुलांना तिसरे किंवा चौथे उदाहरण येत नसेल, तर गुणाकार सुरूच करू नका. एक तासिका बेरीज-वजाबाकीला द्या. ही तासिका वाचवणाऱ्याला पुढे तीन द्याव्या लागतात.

चौथे उदाहरण विशेष महत्त्वाचे. "उणे सहा काढून घेणे म्हणजे सहा मिळणे" हे ज्याला समजले, त्याला ऋण गुणिले ऋण अर्धे समजलेले असते.

"वजा" आणि "उणे" वेगळे ठेवा

मराठीत आपल्याला एक सोय आयती मिळाली आहे आणि आपण ती वाया घालवतो. वजाबाकीच्या क्रियेला "वजा" आणि संख्येच्या चिन्हाला "उणे" किंवा "ऋण" म्हणता येते. हिवाळ्यात लडाखचे तापमान बातम्यांत "उणे दहा अंश" असतेच, "वजा दहा" नव्हे. मग ५ - (-३) वाचायचे "पाच वजा उणे तीन". क्रिया आणि चिन्ह दोन्ही कानाला वेगळी ऐकू येतात. पुस्तकात "ऋण तीन" असेल तर ते वापरा. दोन्हींपैकी एक निवडा आणि घटक संपेपर्यंत बदलू नका.

लिहिताना ऋण संख्येला कंस हवाच. ५ × -३ असे घाईत लिहिले की गुणिलेची फुली पुसट होते आणि दोन ओळींनंतर त्याचे ५ - ३ = २ होते. ५ × (-३) लिहिण्याचा आग्रह फळ्यावर तुमच्यापासून सुरू व्हावा. पुढे ५(-३) असे लेखन येईल तेव्हा "कंसाला चिकटलेली संख्या म्हणजे गुणाकार" हे वेगळे सांगावे लागते. ५ - ३ आणि ५(-३) शेजारी शेजारी लिहून फरक विचारा.

साहित्य: चिंचोके आणि उभी संख्यारेषा

दोन फाका केलेला चिंचोका आतून पांढरा आणि बाहेरून तपकिरी असतो. पांढरी बाजू वर असेल तर +१, तपकिरी वर असेल तर -१. एक पांढरी आणि एक तपकिरी शेजारी आली की किंमत शून्य, म्हणजे शून्य-जोडी. चार मुलांच्या गटाला २४ फाका लागतात, म्हणजे १२ चिंचोके. चाळीसच्या वर्गात दहा गट धरले तर १२० चिंचोके. ते नसतील तर एका बाजूने रंगवलेले पुठ्ठ्याचे तुकडे चालतात. गुणाकाराचे उत्तर १२ च्या पुढे जाईल अशी उदाहरणे या साहित्यावर देऊ नका. जोड्या पुरत नाहीत आणि मोजण्यातच तास जातो.

संख्यारेषा आडवी नको, उभी हवी. भिंतीवर -१५ पासून १५ पर्यंत ३१ खुणा करा. खुणांमध्ये ५ सेंटिमीटर अंतर ठेवले की दीड मीटर उंची होते आणि मागच्या बाकावरूनही दिसते. उभी असण्याचे कारण लवकरच येईल.

उणे तीनचा पाढा

सुरुवात (-३) × ४ ने करा, ४ × (-३) ने नको. कारण आपला पाढा. "तीन चोक बारा" म्हणजे तीन चार वेळा घेतले: पहिली संख्या गुण्य, दुसरी गुणक. मुलांच्या जिभेवर हाच क्रम बसलेला असतो. तर मग उणे तीनचा पाढा वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घ्या:

उणे तीन एके उणे तीन
उणे तीन दुणे उणे सहा
उणे तीन त्रिक उणे नऊ
उणे तीन चोक उणे बारा

हसू येते, येऊ द्या. चिंचोक्यांवर हेच करायचे: तीन तपकिरी, पुन्हा तीन, असे चार वेळा. टेबलावर १२ तपकिरी. व्यवहारातही अर्थ सरळ आहे. वाण्याच्या वहीत ५० रुपयांची उधारी तीनदा लिहिली गेली, (-५०) × ३ = -१५०. इथे कोणाचीही अडचण होत नाही. एका तासिकेत उणे दोन, उणे पाच आणि उणे दहा हे आणखी तीन पाढे होतात. तेवढे पुरे.

आता ४ × (-३). "चार उणे तीन वेळा घ्यायचे" याला रोजच्या भाषेत अर्थ नाही, हे मुलांना स्वतःहून जाणवू द्या. मग चारचा पाढा उलटा लिहा:

४ × ३ = १२
४ × २ = ८
४ × १ = ४
४ × ० = ०
४ × (-१) = ?

प्रत्येक पायरीवर उत्तर ४ ने घटते, म्हणून पुढे -४, -८, -१२. गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर तेच, हे मुलांना दुसरी-तिसरीपासून ठाऊक आहे. (-३) × ४ शी ताळा करून घ्या.

चिंचोक्यांवर इथे एक नवी गोष्ट येते: गुणक धन असेल तर तितक्या वेळा ठेवायचे, गुणक ऋण असेल तर तितक्या वेळा काढायचे. ३ × (-४) म्हणजे तीन पांढरे चार वेळा काढा. पण टेबल रिकामे आहे, काढायचे कुठून? आधी १२ शून्य-जोड्या मांडा. किंमत अजून शून्यच आहे. आता १२ पांढरे उचलले की १२ तपकिरी उरतात. उत्तर -१२. रिकाम्या टेबलावर आधी जोड्या मांडण्याची ही युक्ती दोन-तीनदा करायला लावा. घाई केली तर पुढचा टप्पा जादूचा प्रयोग होऊन बसतो.

ऋण गुणिले ऋण

इथे रेंगाळा. आधी उणे तीनचा पाढा उलटा लिहा, (-३) × ४ पासून:

(-३) × ४ = -१२
(-३) × ३ = -९
(-३) × २ = -६
(-३) × १ = -३
(-३) × ० = ०

"प्रत्येक पायरीवर उत्तराचे काय होते?" असे विचारले की निदान पाच-सहा मुले म्हणतील, "तीनने कमी होते." बारा, नऊ, सहा असे आकडे उतरताना दिसतात ना! उभी संख्यारेषा याचसाठी होती. -१२ वर बोट ठेवून -९, -६, -३ असे जायला लावा. बोट वर जाते, म्हणजे उत्तर तीनने वाढते. शून्यानंतर आणखी तीन वर म्हणजे ३. (-३) × (-१) = ३, (-३) × (-२) = ६, (-३) × (-४) = १२. उत्तर तुम्ही सांगायचे नाही, वर्गाकडून येऊ द्यायचे.

लगेच चिंचोके: १२ शून्य-जोड्या मांडून तीन तपकिरी चार वेळा काढा. उरले १२ पांढरे. वाण्याच्या वहीतही तेच होते. ५० रुपयांच्या तीन उधाऱ्या चुकून लिहिल्या गेल्या होत्या, त्या खोडल्या: (-५०) × (-३) = १५०. गिऱ्हाइकाच्या खिशात नोटा आल्या नाहीत, पण त्याची स्थिती १५० रुपयांनी सुधारली. हा बारकावा एखादे चौकस मूल विचारतेच, उत्तर तयार ठेवा.

पाण्याच्या टाकीचे उदाहरण या सगळ्यांत जास्त टिकते, कारण त्यात चारही प्रकार एकाच चित्रात बसतात. गच्चीवरच्या टाकीतली आत्ताची पातळी ० धरा. नळ सुरू असताना पातळी मिनिटाला ३ सेंटिमीटर उतरते, म्हणून -३. पंप सुरू असेल तर +३. येणारी मिनिटे धन, गेलेली मिनिटे ऋण. नळ सुरू आहे, चार मिनिटांपूर्वी पातळी किती होती? १२ सेंटिमीटर वर. तेच (-३) × (-४) = १२. पंप सुरू असताना चार मिनिटांपूर्वी? ३ × (-४) = -१२.

"शत्रूचा शत्रू तो मित्र" हे वर्गात लोकप्रिय आहे. नियम समजल्यानंतर लक्षात ठेवायला बरे, कारण म्हणून निरुपयोगी. दोन शत्रू एकत्र आले तर काय, असा विचार करून मूल पुन्हा -३ - ५ कडे घसरते.

आकृतिबंध म्हणजे सिद्धता नव्हे, हे हुशार मुलांना खटकते: "पाढा शून्यानंतरही तसाच चालेल कशावरून?" त्यांच्यासाठी चार ओळी पुरतात. ४ + (-४) = ०, म्हणून (-३) × [४ + (-४)] हेही ०. कंस सोडवला तर (-३) × ४ अधिक (-३) × (-४). यातले पहिले -१२ आहे हे आपण पाढ्यात पाहिले. -१२ मध्ये काय मिळवले की शून्य? फक्त १२. म्हणून दुसरे पद १२ च असावे लागते, नाहीतर कंस सोडवण्याचा नियम मोडेल. सगळ्या वर्गाने हे पाठ करायची गरज नाही, पण फळ्यावर एकदा यावेच. मग नियम कोणाच्या मर्जीने ठरलेला नाही, हे निदान दिसते.

इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने धन, ऋण आणि शून्य यांच्या गुणाकार-भागाकाराचे नियम मांडले तेव्हा शब्दांचे मूळ अर्थ मालमत्ता आणि कर्ज असेच होते. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या बीजगणितात ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. एखाद्या तासिकेला सगळी उदाहरणे टिंबाच्या खुणेने लिहून पाहा. वजाबाकीच्या चिन्हाशी होणारा गोंधळ त्या दिवसापुरता नाहीसा होतो आणि गोंधळ कुठून येत होता ते मुलांना कळते.

आता नियम

"दोन संख्यांच्या गुणाकारात किंवा भागाकारात चिन्हे सारखी तर उत्तर धन, चिन्हे वेगळी तर उत्तर ऋण." पहिले पाच शब्द गाळून हे वाक्य वर्गात कधीच म्हणू नका. लांब वाटते, पण तोकडे केले की तेच जुने घोषवाक्य.

सोडवण्याची सवय अशी लावा: आधी क्रियेचे चिन्ह गोल करा, मग उत्तराचे चिन्ह ठरवून लिहून टाका, शेवटी पाढा. उलट क्रमाने जाणारी मुले २४ लिहून मोकळी होतात आणि चिन्ह राहून जाते.

तीन-चार संख्या असतील तर ऋण संख्या मोजा: सम असतील तर धन, विषम असतील तर ऋण. (-२) × (-३) × (-१) × ५ मध्ये ऋण तीन, उत्तर -३०. मुले इथे सगळ्याच संख्या मोजतात, चार म्हणजे सम, आणि ३० लिहितात. एखादी संख्या शून्य असेल तर मोजण्याचा प्रश्नच नाही, उत्तर ०. शून्याला चिन्ह नसते. "-०" लिहिणाऱ्याला संख्यारेषेवर त्याची जागा दाखवायला सांगा. घातांक आले असतील तर (-३)² = ९ पण -३² = -९ हा फरक आत्ताच दाखवून ठेवा.

भागाकार

भागाकाराला वेगळा नियम शिकवू नका. एका गुणाकारातून दोन भागाकार निघतात:

(-३) × ४ = -१२, म्हणून (-१२) ÷ ४ = -३ आणि (-१२) ÷ (-३) = ४.
(-३) × (-४) = १२, म्हणून १२ ÷ (-३) = -४ आणि १२ ÷ (-४) = -३.

प्रत्येक भागाकाराला एकच प्रश्न: "भाजकाला कितीने गुणले की भाज्य येईल?" चिन्हांचा नियम मुले यातून स्वतःच काढतात.

अर्थ सांगायचा तर (-१२) ÷ ४ म्हणजे १२ रुपयांचे कर्ज चौघांत वाटले, प्रत्येकावर ३. (-१२) ÷ (-३) म्हणजे बारा तपकिरी चिंचोक्यांत तीन-तीनचे किती गट, चार. पण १२ ÷ (-३) साठी गोष्ट शोधत बसू नका. "उणे तीन जणांत वाटणे" असली ओढूनताणून आणलेली उदाहरणे अर्थ देत नाहीत, तो घालवतात. तिथे गुणाकाराचा ताळाच पुरेसा आहे.

शून्याचे दोन प्रकार वेगळे: ० ÷ (-५) = ०, पण (-५) ÷ ० करता येत नाही, कारण शून्याला कशानेही गुणले तरी -५ मिळत नाही. ० ÷ ० चे उत्तर ब्रह्मगुप्ताने शून्य दिले होते, आज ते मान्य नाही: शून्याला कोणत्याही संख्येने गुणले तरी शून्यच, मग उत्तर एक ठरत नाही. मोठमोठेही इथे अडखळले, हे ऐकून मुलांना धीर येतो.

(-७) ÷ २ चे उत्तर पूर्णांक नाही. -७/२ असे लिहून सोडून द्या. बाकी काढायला लावू नका. ऋण संख्यांच्या भागाकारात बाकी हा निसरडा विषय आहे. संगणकाच्या भाषाही त्यावर एकमत नाहीत: पूर्णांकी भागाकारात पायथॉन उत्तर -४ देते आणि सी -३.

उत्तर बरोबर, विचार चूक

सगळ्यांत फसवी चूक बेरजेतून येते: "मोठ्या संख्येचे चिन्ह द्यायचे." हे मूल (-८) × ३ चे उत्तर -२४ बरोबर देते आणि तुम्ही खूण करून पुढे जाता. त्यालाच (-३) × ८ विचारा, २४ येईल. (-८) × (-३) ला -२४ येईल. म्हणून तपासणीत (-८) × ३ आणि (-३) × ८ ही जोडी नेहमी द्या. एकटे उदाहरण काहीच सांगत नाही.

दुसरी चूक क्रियांच्या क्रमाची. ५ - (-३) × २ मध्ये मूल आधी ५ - (-३) = ८ करते आणि १६ लिहिते. गुणाकार आधी: ५ - (-६) = ११. गुणाकाराच्या खाली रेघ ओढायला लावले की निम्मे प्रश्न सुटतात.

-३ - ५ = ८ लिहिणाऱ्याला मात्र पुन्हा नियम सांगू नका. फक्त विचारा, "गुणिलेचे चिन्ह कुठे आहे?" आणि भिंतीवरच्या रेषेवर -३ पासून पाच घरे खाली उतरायला लावा.

सराव

एकाच क्रियेची पन्नास उदाहरणे देऊन काही साधत नाही. अकराव्या उदाहरणापासून मूल वाचतच नाही. त्याऐवजी त्याच संख्या, वेगळ्या क्रिया:

-३ - ५
(-३) × (-५)
-३ + (-५)
(-३) - (-५)
(-१५) ÷ (-३)

उत्तरे -८, १५, -८, २, ५. असे सहा-सात संच करा आणि रोज एकच द्या, तासाच्या सुरुवातीला, पाच मिनिटांत.

शाब्दिक उदाहरणांसाठी परीक्षेचे गुण उत्तम. नीट परीक्षेत बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरासाठी १ गुण कापला जातो. २० बरोबर, ७ चूक: ४ × २० + (-१) × ७ = ७३. मग विचारा: सरावाचा पेपर तपासताना त्यातली तीन चुकीची उत्तरे प्रश्नच सदोष म्हणून गाळली, तर? (-१) × (-३) = ३, एकूण ७६. इथे ऋण गुणक "काढून टाकणे" म्हणून आपोआप येतो.

शेवटची तासिका खेळाला द्या. पत्त्यांतली एक्क्यापासून छक्क्यापर्यंतची २४ पाने घ्या. काळी धन, लाल ऋण. शाळेत पत्ते चालत नसतील तर पुठ्ठ्याचे तुकडे करा. दोघे खेळतात, प्रत्येक जण दोन पाने उचलून गुणाकार मोठ्याने सांगतो. ज्याचे उत्तर मोठे, त्याला चारही पाने. उत्तर चुकले तर डाव समोरच्याचा. लाल पंजा आणि लाल छक्का आला की मूल आधी हिरमुसते, मग हिशेब करून ओरडते, "तीस!" तिसऱ्या-चौथ्या डावापासून हिरमुसणे बंद होते. -६ आणि -४ मध्ये मोठे कोणते यावर भांडण झाले तर पंचगिरी करू नका, दोघांना भिंतीवरच्या रेषेकडे पाठवा.